हार आमच्या ह्यांच्या हातून

तुर्भ्याच्या मैदानात त्या रविवारी सकाळपासून मांडव पडला होता. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असतील… समोरच्या पक्षाचे साहेब आमच्या पक्षात येणार होते, आणि त्यांच्या गळ्यात पहिला हार आमच्या ह्यांनी घालायचा, असं ठरलं होतं.

आता हेच का, ते सांगते. हे मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात माथाडी. दिवसभर कांद्याच्या गोण्या वाहायच्या आणि निवडणूक आली की आमच्या पक्षाचे झेंडे बांधत खांबांवर चढायचं. पक्षाकडून चहापलीकडे कधी काही घेतलं नाही. हौस, दुसरं काय…

आदल्या निवडणुकीत ह्याच साहेबांनी भर सभेत सांगितलं होतं, "त्यांचे झेंडे बांधणाऱ्यांचे हात उखडून हातात द्या, पुढचं मी बघतो." दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं सळया घेऊन आली. ह्यांचा उजवा खांदा असा मोडला, की ऑपरेशन होऊनही हात छातीच्या वर जाईना.

गोणी दोघं उचलून देतात, पण ती पाठीवर तोलायला हात मागे वर न्यावाच लागतो. तोच जाईना म्हटल्यावर बाजारातल्या माथाडींच्या टोळीने ह्यांना गोण्यांची तोंडं शिवायला बसवलं. माणसं चांगली होती हो, कुणी कधी टोचून बोललं नाही. पण हे घरी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

आमच्या पक्षाने तेव्हा केवढा गहजब केला. निषेध सभा काय, बंद काय, लोकशाहीचा खून काय… हात झोळीत अडकवलेल्या ह्यांना स्टेजवर मधोमध बसवलं. आणि त्याच स्टेजवरून आमचे वक्ते गरजले, "त्यांची एकेकाची घरं पेटवू." लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मी आमच्या वॉर्डात पक्षाचं काम बघणाऱ्या संपतभाऊंना विचारलं, "भाऊ, ते बोलले आणि आपले बोलले, ह्यात फरक काय?" तर म्हणतात कसे, "वहिनी, ती गुंडगिरी. आपला स्वाभिमान आहे." डोकं कुठे आपटायचं…

केसचं काय व्हायचं तेच झालं. साक्षीदार फिरले. ह्यांचं मागणं मग एवढंच उरलं होतं, "त्यानं येकदा चारचौघांत म्हनावं, माझं चुकलं. बास. मला दुसरं काय नको." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन.

आणि त्यांच्या पक्षाने तिकीट कापलं म्हणून साहेब आमच्याकडे येणार, अशी बातमी आली. लगेच समोरच्या पक्षाची माणसं आमच्या दारात हजर. "वहिनी, ह्या नालायकाने तुमच्या घरधन्याचा हात मोडला, आमच्या स्टेजवर या, जगाला सांगू." त्यातला एक तर सळई घेऊन आलेल्यांपैकीच होता. मी दार लावून घेतलं.

मागोमाग संपतभाऊ आले. आता त्यांच्या तोंडी नवीनच भाषा. "भाषणाच्या ओघात जातो एखादा शब्द. मनाने मोठा माणूस आहे." ह्यांनी मध्येच विचारलं, "माफी मागनार का त्यो?" "मागतील ना दादा. माइकवर मागायला लावतो, टेन्शन घेऊ नका. फक्त हार तुमच्या हातून."

मला पटत नव्हतं. पण ह्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला, दाढी केली. किती दिवसांनी माणूस आरशासमोर उभा राहिला होता, मी काय बोलणार… बटणं मी लावून दिली.

स्टेजवर ह्यांच्या हातात झेंडूचा भला मोठा हार दिला. डावा हात वर गेला, उजवा छातीशीच अडला. हार तिरका लोंबत राहिला आणि सगळा मांडव बघत राहिला. मग साहेबांनी हात जोडले, कमरेतून वाकले आणि स्वतःच मान त्या हारात घातली.

फोटोग्राफर धावले. माइकवरचा माणूस ओरडला, "बघा, एवढा मोठा नेता, पण एका माथाडीपुढे वाकला." अशा टाळ्या पडल्या म्हणता. शेजारची बाई तर डोळे पुसायला लागली. ह्यांना मागच्या शिडीने खाली उतरवून लांब रस्त्यापलीकडे चहाला नेलं, आणि साहेब बोलायला उभे राहिले.

अक्षरशः तेच वाक्य. हात उखडून हातात द्या, पुढचं मी बघतो… फक्त झेंडे आता त्यांच्या जुन्या पक्षाचे. आणि टाळ्या वाजवणारे आमचे लोक होते, ह्यांच्यासाठी बंद पाळणारे.

घरी येताना ह्यांनी विचारलं, "मी खाली उतरल्यावर काय बोलला का माझ्याबद्दल?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलवेना. बोलला ते सगळं सांगितलं.

आठवडाभरात रबाळ्याच्या बाजूला समोरच्या पक्षाच्या एका झेंडे बांधणाऱ्याला मारलं. संपतभाऊ सांगायला आले ते हसतच, "नाटकं करतोय हो साला, सहानुभूतीसाठी."

हे तेव्हा जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "कुटला हात? उजवा का डावा?"

संपतभाऊंना ते माहीतच नव्हतं. ते चहा न घेता गेले. हे ताटावरून उठले आणि परत पक्षाच्या कार्यालयाची पायरी चढले नाहीत.

आता हे नाहीत. मी अजून मत द्यायला जाते, सवय म्हणून. पण टीव्हीवर दोन पक्षांचे लोक एकमेकांना 'जीभ सांभाळा' म्हणायला लागले, की मी टीव्ही बंद करते… ह्यातलं कुणी कधी सुधारेल असं मला खरंच वाटत नाही. एवढंच वाटतं, की आमच्या ह्यांनी त्या दिवशी जेवताना काय विचारलं होतं, ते त्या रबाळ्याच्या माणसाच्या बायकोला कुणीतरी सांगायला हवं होतं.