चंद्रावतीआजीची निवटी

पाळणाघर काढावं असं चंद्रावतीच्या कधी मनातही आलं नव्हतं. ती गव्हाण गावची. बाप मिठागरावर, नवरा मिठागरावर, तिचंही अर्धं आयुष्य खाऱ्या पाण्यात पाय भिजवण्यात गेलं. पुढे मिठागरं गेली, नवरा भगवानही गेला, आणि मुलगा धनेश तिला कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. दिवसभर करायचं काय, हेच तिला उमजेना. अशात शेजारणीनं एकदा आपलं पोर दुपारपुरतं तिच्याकडे ठेवलं. मग दुसरीनं ठेवलं. बघता बघता हॉलमध्ये चटया पडल्या आणि दारात छोट्या चपलांचा ढीग लागू लागला.

शिकवायला तिला काही येत नव्हतं. शाळा सुटल्यावर पोरं यायची, जेवायची आणि झोपायचं नाव घ्यायची नाहीत. मोबाईल देणं तिला पटत नव्हतं, म्हणून ती तोंडाला येईल ते सांगत बसायची. त्यातली निवटीची गोष्ट पोरांना फार आवडायची. खाडीच्या चिखलात राहणाऱ्या निवटी नावाच्या इवल्या मासळीला एकदा पनवेलचा बाजार बघायची हौस येते. ती चिखलातून चालत चालत बाजारात जाते, बांगड्या भरते, भजी खाते आणि संध्याकाळी भरती आली की पाण्यात परत. दर वेळी गोष्ट थोडी बदलायची, कारण आदल्या दिवशी काय सांगितलं होतं ते आजीच्या लक्षात राहायचं नाही. पोरं लगेच पकडायची, "आजी, काल ती जिलेबी खात होती!"

या पोरांत एक मनस्वी होती, बालवाडीतली. ती कुणाला काही म्हणायची नाही. भिंतीला टेकून नुसती ऐकायची. तिची आई निशा बेलापूरला नोकरीला होती. ती सकाळी घाईत पोरीला शाळेत सोडायची आणि अंधार पडता पडता आजीकडून न्यायची.

एका संध्याकाळी निशा आली ती तोंड लाल करूनच.

"काकू, तुम्ही हिला काय सांगता हो? शाळेतून बोलावणं आलं मला. ही सगळ्या वर्गासमोर म्हणाली, माझी आई मासा आहे, ती सकाळी खाडीत जाते आणि संध्याकाळी पाय लावून घरी येते. टीचर मला विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना!"

चंद्रावती बघतच राहिली. "मी असा कदी सांगितलाच नाय, निशा. आमची निवटी तं दिवसा बाजारात जाते नि संध्याकाळी खाडीत. हिनं उलटाच केला."

"उलट असो नाहीतर सुलट. तिला खरं-खोटं कळत नाही अजून. गोष्टी नकोत. सांगायचंच असेल तर खरं काय ते सांगा."

निशा गेली. चंद्रावतीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. "आपून पोरांना खोटा बोलायला शिकवतो काय रं?" तिनं धनेशला विचारलं. धनेश हसला आणि म्हणाला, "आई, सोड ना." पण कसं सोडायचं, ते काही त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं खरंच सांगायचं ठरवलं. खरं म्हणून सांगण्याजोगं तिच्याकडे मिठागरच होतं. तिनं सांगितलं, उलव्याच्या बाजूला आता ज्या इमारती दिसतात ना, तिथं समुद्राचं पाणी आणून उन्हात वाळवायचो आम्ही. पाण्याचं मीठ व्हायचं. मिठाच्या राशी माणसापेक्षा उंच लागायच्या, लांबून डोंगर वाटायच्या.

"खोटं!" शिवा नावाचं पोरगं ओरडलं. "मीठ पिशवीत येतं."

"आरे, खरा हाय!"

"पाण्याचं मीठ कसं होईल? आजी, निवटीची खरी गोष्ट सांग ना!"

सगळी पोरं हसली. चंद्रावतीच्या डोक्याचा पार भुगा झाला. जे रचलं ते या पोरांना खरं वाटतं आणि जे हाडामासानं भोगलं ते खोटं! तिनं गोष्टी सांगणंच सोडलं. मग दुपारी नुसत्या मारामाऱ्या होऊ लागल्या. मनस्वी मात्र भिंत सोडून आजीच्या मांडीशी येऊन बसू लागली. काही मागायची नाही, पदराचं टोक तेवढं धरून ठेवायची.

काही दिवसांनी निशा परत आली, या वेळी लवकर. चंद्रावतीला वाटलं, झालं, आता पोरीला काढून नेणार.

निशा चटईवरच बसली. "काकू, टीचर आज परत भेटल्या. म्हणाल्या, तुमचा गैरसमज झाला, मी तक्रार केली नव्हती. ही वर्गात कधी तोंडच उघडत नव्हती. त्या दिवशी उभी राहिली आणि सगळं बोलली. मग, पण, म्हणून, असं जोडून जोडून. आता विचारतात, बोलायची बंद का झाली?"

गोष्टी तर निशानंच बंद करायला लावल्या होत्या. पण चूक कुणाची, हे चंद्रावतीलाही सांगता येईना.

"आणि मासा खरंच चालतो?" निशानं विचारलं.

"निवटी? चिखलात चालते. उड्या पन मारते."

निशानं मोबाईलवर शोधलं. चिखलावरून कल्ल्यांजवळच्या परांवर सरकत जाणारा बटबटीत डोळ्यांचा मासा तिनं दोनदा पाहिला. मग मनस्वीला जवळ ओढून तिनं हळूच विचारलं, "मनू, मी खाडीत जाऊन काय करते गं?"

मनस्वीनं आधी आजीकडे पाहिलं. सांग, अशी आजीनं मान हलवली.

"मीटिंग," मनस्वी म्हणाली. "तिथं मोठा मासा आहे. तो तुला ओरडतो. पण तुला पाण्यात रडता येत नाही. म्हणून तू घरी आलीस की बोलत नाहीस."

निशाचा हात पोरीच्या केसांतच थांबला. ऑफिसातलं ती घरी कुणाला सांगत नव्हती. फोनवर कधीतरी मैत्रिणीशी बोलली असेल तेवढंच. ते या एवढ्याशा पोरीनं कधी ऐकलं, कुठं ठेवलं?

"मग पुढं काय होतं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मनस्वी म्हणाली. "अजून झालंच नाही."

चंद्रावती चहा टाकायला आत गेली. आपण पोरीला काही दिलं, की तिच्याच पोटातलं नुसतं बाहेर आलं, याचा तिला थांग लागेना.

गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. निशा अधूनमधून लवकर येऊन पोरांत बसू लागली. तिला स्वतःला गोष्ट जमत नसे. मधेच अडली की मनस्वी पुढचं सांगायची. जूनमध्ये मनस्वी दिवसभराच्या मोठ्या शाळेत गेली. तिच्या जागेसाठी एक नवी आई चौकशीला आली. इंग्रजी फोनिक्स घेता का, नंबर्स शिकवता का, असं तिनं विचारलं.

"नाय बाय," चंद्रावती म्हणाली. "जेवायला घालते नि गोष्टी सांगते."

"गोष्टींनी काय होतं?"

"ता मना नीट सांगता येनार नाय," चंद्रावती म्हणाली. "पोरीला एक दिवस ठेवून बघ."