गेटची किल्ली

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं बसूनही कधी पुटपुटले नाही — त्याला ठाऊकच असणार, अशी तिथंही पळवाट काढली. आज सांगायचं ठरवलं, तर मघापासून दोनदा उठून चहा ठेवून आले. एकदा उगाचच गेटला कुलूप आहे का ते बघून आले. आहे. मीच लावलंय.

मी बेळगावात पाळणाघर चालवते, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. सोळा वर्षं झाली. दहा-बारा मुलं असतात आणि मदतीला अर्ध्या दिवसाच्या दोन बायका. सकाळची एकपर्यंत, दुपारची एकपासून. पूर्ण दिवसाची बाई तीन वाजता मुलांच्या आधी झोपते, हा माझा अनुभव. बायका बदलत राहिल्या, पण एक नियम मी कधी बदलला नाही. गेटची किल्ली ज्या वेळी ज्या बाईच्या कमरेला, त्या वेळी मुलं तिच्या ताब्यात. एक वाजता किल्ली या हातातून त्या हातात जायची. खुंटीला टांगायची नाही, टेबलावर ठेवायची नाही. नियम माझाच. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी तो मोठ्या कौतुकानं सांगायची.

नऊ वर्षांपूर्वी दुपारची बाई रेखा होती. माहेर कागलकडचं, लग्न होऊन सांबऱ्याला आलेली, वर्षसुद्धा झालं नव्हतं. बसनं यायची. कन्नड अजिबात येत नव्हतं. 'हौद्री' म्हणजे 'होय हो', एवढा एकच शब्द तिनं उचलला होता, आणि कुणी कन्नडमध्ये काही बोललं की हसून तोच म्हणायची. सगळ्यांना मजा वाटायची. मलाही. मुलं मात्र तिच्या अंगावर अशी चढायची, की संध्याकाळी आई न्यायला आली तरी पदर सोडायची नाहीत. पुढं कधीतरी सांबऱ्यात स्वतःचं पाळणाघर काढायचं म्हणायची. 'आक्का, आणि चार-पाच वर्सं तुमच्या हाताखाली शिकतो, मग बघा.' आमच्याकडं कितीतरी बायका स्वतःबद्दल असंच 'शिकतो, जातो' बोलतात. मुलं तिची नक्कल करायची.

आता तो दिवस. सांगतेच.

साडेतीन वाजले होते, मुलं झोपलेली. संकेश्वरहून माझा मावसभाऊ गुळाची ढेप घेऊन आला, बाहेरून हाक मारली. रेखा आत एका बाळाचे कपडे बदलत होती. मी तिच्या कमरेची किल्ली मागून घेतली. म्हटलं, 'दे इकडं, तू नको उठूस.' गेट उघडलं, ढेप घेतली, तो गेला. आणि तेवढ्यात फोन आला. बहिणीचा. कुणाच्या तरी साखरपुड्यात कुणी कसं वागलं, त्याची चर्चा. मी पायरीवर टेकले, मग बोलत बोलत बाजूच्या तुळशीकडं गेले. गेट? गेट उघडंच होतं. किल्ली माझ्या मुठीत होती.

वीसेक मिनिटांनी रेखा बाहेर आली आणि म्हणाली, 'आक्का, चिन्नू कुटं हाय?'

चिन्नू अडीच वर्षांचा. त्याचे आईवडील बदली होऊन बागलकोटकडून आलेले, घरात कन्नडच. मी फोन ठेवायच्या आत रेखा अनवाणी पळाली. मी? मी गेटला धरून उभी राहिले. पाय उचललाच नाही. ती त्याला घेऊन आली तेव्हा त्याच्या कपाळातून रक्त येत होतं. कोपऱ्यावर उसाचे ट्रॅक्टर वळतात, तिथं गटारीच्या कडेला पडला होता. ट्रॅक्टर त्याच्यापासून किती लांब होता, ते मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

शेजारणीनं चिन्नूच्या आईला फोन केला होता. तिची गाडी थांबलेली मला दिसली. आणि मी काय केलं असेल? किल्ली रेखाच्या हातात दिली. एका हातानं ती पोराला सांभाळत होती, दुसऱ्या हातानं तिनं ती सवयीनं घेतली. रोज घेते तशी.

मग मी त्या आईशी कन्नडमध्ये बोलले. म्हणाले, आज मुलांवर लक्ष ठेवायचं काम हिचं होतं, मी स्वयंपाकघरात होते, नवीन आहे ती, गाफील राहिली. हे मी रेखासमोर बोलले, तिच्यापासून दोन हातांवर उभी राहून. 'गेट' म्हटलं असतं तर तिला कळलं असतं. किल्लीला कन्नडमध्ये 'कीलि' म्हणतात, तेही कळलं असतं. 'जबाबदारी'ला 'जवाबदारी'. मी तिन्ही शब्द टाळले. किल्लीकडं नुसतं डोळ्यांनी दाखवलं. घाबरलेल्या माणसाला एवढं सुचतं का? मला सुचलं. म्हणून भीतीपोटी घडलं, असं मला म्हणता येत नाही.

आणि रेखा? मी तिच्याकडं हात करून बोलतेय, हे तिनं पाहिलं. तिला वाटलं, तिनं पोर कसं शोधून आणलं ते मी सांगतेय. घामानं भिजलेली, पायाला खडी टोचलेली, पोर छातीशी धरून ती त्या आईकडं बघून हसली आणि म्हणाली, 'हौद्री, हौद्री.'

त्या आईनं पोर हिसकावून घेतलं. हसणारी बाई बघून तिला काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

चिन्नूला तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी आईबापांमध्ये बभ्रा झाला. ती बाई असेल तर आम्ही मुलं पाठवणार नाही, म्हणाले. मी मान खाली घालून 'बरोबर आहे तुमचं' म्हटलं. रेखाला मात्र वेगळंच सांगितलं. 'मुलं कमी झाल्यात गं, दुपारची बाई आता परवडत न्हाय.' तिनं विचारलं, 'आक्का, माजं काय चुकलं न्हाय न्हवं?' मी म्हटलं, 'न्हाय गं.' हे तेवढं एक खरं बोलले. किल्ली माझ्याकडं होती हे ती कुणालाही बोलली असती, तर खापर माझ्यावर फुटलं असतं. बोलली नाही. मला सांभाळून घेत होती.

एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, थांबले नाही. दोन महिन्यांनी दुसऱ्या पाळणाघराच्या बाईंचा फोन आला. रेखा त्यांच्याकडं काम मागायला गेली होती. बाई कशी आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'कामाला चांगली आहे, पण... तुम्ही बघा बाई.' पुढं काही बोलावंच लागलं नाही. माझं पाळणाघर चालू राहिलं. आजही आईबाप येतात, मी किल्लीचा नियम सांगते, त्यांना तो फार आवडतो.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला संकेश्वरला गेले होते. दुकानात गादीवर बसलेली बाई फाडफाड कन्नडमध्ये गिऱ्हाईकाला काठ समजावून सांगत होती. रेखा. तिनं मला आधी ओळखलं. मी उलट्या पावली निघणार होते, खरं सांगते, पण ती उठून आली आणि पाया पडली. नवरा इकडं साखर कारखान्यात लागलाय म्हणाली. पाळणाघराचं काय झालं, हे मी विचारायला नको होतं. विचारलं.

'न्हाय जमलं आक्का. लई ठिकाणी गेलतो, कुनी घेतलंच न्हाय. माजाच पायगुन म्हनायचा, दुसरं काय.'

मग ती शेजारच्या बाईकडं वळली आणि कन्नडमध्ये माझी ओळख करून द्यायला लागली. ह्या आमच्या आक्का. मी ह्यांच्याकडं होते तेव्हा एक पोर हरवलं होतं, ते मी शोधून आणलं. आणि आक्कांनी सगळ्यांदेखत त्याच्या आईला माझं नाव सांगितलं. दुसरी कोण असती तर सगळं श्रेय स्वतः घेतलं असतं. तिचं कन्नड आता माझ्यापेक्षा सफाईदार आहे. 'व्हय का न्हाय वो आक्का?' तिनं हसून विचारलं.

तिथंच बोलायचं होतं. शब्द तिला आता सगळे कळत होते, टाळण्यासारखा एकही उरला नव्हता. मी शेजारच्या बाईकडं बघितलं आणि म्हटलं, 'हौद्री.'

रेखानं माझी साड्यांची पिशवी उचलली आणि बस स्टँडपर्यंत आणून दिली. मी आणू दिली.