हाजराबीला किळस आली त्याची गोष्ट

उदगीरच्या एका जुन्या दवाखान्यात हाजराबीने उभी हयात आयाबाईचं काम केलं. पू, ओकारी, पाठीला झालेल्या, अळ्या पडलेल्या जखमा, सगळं तिने हातांनी साफ केलं. नव्या नर्सपोरी नाकाला रुमाल लावायच्या तेव्हा ती म्हणायची, "माणसाच्याच अंगातलं हाय ते, कुठून भायेरून आलंय का?" आणि हात धुऊन, डबा उघडून तिथंच व्हरांड्यात पोटभर जेवायची.

त्याच वॉर्डात गौरम्माही आयाबाई होती. कर्नाटकातल्या भालकीकडची ख्रिस्ती बाई, नवरा लवकर गेलेला, पोरबाळ नाही. हाजराबी तिला गौरक्का म्हणायची. दुपारी गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालताना दोघींचं एकच बोलणं असायचं, देवाचं. भांडणच म्हणा हवं तर, पण त्यात आवाज कधी चढला नाही. हाजराबी म्हणे, अल्लाला बाप नाही आणि लेकही नाही; हजरत ईसा लई मोठे पैगंबर, मरियमबीच्या पोटी बापावाचून आले हेही खरं, पण जो पोटातून आला तो खुदा कसा? गौरम्मा म्हणे, वरच बसून राहिला असता तर त्याला आपलं दुखणं कसं कळलं असतं, म्हणून तो माणूस होऊन खाली आला आणि सुळावर गेला. हाजराबीला ते काही पटायचं नाही. ज्यानं बनवलं त्याला कळायला खाली यावं लागतं का, असं ती विचारायची. आणि मग पापाची गोष्ट निघायची.

"दुसऱ्यानं आंघोळ केली तर माझ्या अंगाचा मळ कसा निघंल, अक्का?" हाजराबी विचारायची. "माझे गुनाह, माझी तौबा. पुढं त्याची रहमत."

"लेकरू आपलं आपण आंघोळ करतं का?" गौरम्मा म्हणायची. "आईच धुती की."

हाजराबी तरी मानायची नाही. चादरी उचलून दोघी खाली यायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली.

दोघी निवृत्त होऊन घरी बसल्या आणि दोन-चार वर्षांत गौरम्माच्या छातीला गाठ आली. लातूरला दाखवलं तोवर गाठ फुटली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. किल्ल्याकडच्या गल्लीत तिची एक खोली होती. हाजराबी रोज सकाळी तिथं जाऊ लागली. पट्टी सोडायची, कोमट पाण्याने जखम धुवायची, वास मारायला दिलेल्या गोळ्या कुटून त्यावर भुरभुरायच्या. वास एवढा की भेटायला आलेले लोक दारातूनच बोलून जात. हाजराबी मात्र मांडीवर तिचं डोकं घेऊन पेज पाजायची.

हाजराबीचा धाकटा मुलगा जीशान नांदेडला मोबाईलच्या दुकानात होता आणि फोनवर धर्माचे व्हिडिओ करायचा. गौरम्माचा भाचा दयानंद लातूरला एका भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थना चालवायचा. त्याचाही तोच धंदा. दोघांची फोनवरच गाठ पडली होती. महिनोन्‌ महिने ते एकमेकांसमोर वाद घालत होते, देव एक की तीन, माणूस कशाने सुटतो, ईसा सुळावर मेले की अल्लाने त्यांना वर उचललं. एक दुसऱ्याचा धर्म तुडवायचा, दुसरा पहिल्याचा, आणि बघणारे वाढले की दोघे एकमेकांचं अभिनंदन करायचे. हाजराबीने एकदा त्यांचा एक व्हिडिओ लावला आणि थोडं ऐकून बंद केला. जे ती आणि अक्का चादरींच्या घड्या घालताना बोलत होत्या, तेच होतं. फक्त ऐकताना कुणीतरी जेवणाच्या ताटात थुंकल्यासारखं वाटत होतं.

एका सकाळी दोघे बरोबरच खोलीवर आले. जीशान म्हणाला, मौसीला भेटायला आलोय. हाजराबीला बरंच वाटलं. पट्टी नुकतीच सोडली होती, जखम उघडी होती, म्हणून तिने अक्काच्या अंगावर पातळ लुगडं ओढलं, दोघांना खाटेजवळ बसवलं आणि मागच्या मोरीजवळ पाणी तापवायला गेली. आतून बोलणं ऐकू येत होतं. आधी तब्येतीची विचारपूस, मग दयानंदचा तो प्रार्थनेतला आवाज. पातेलं घेऊन ती परत आली तेव्हा दार लावलेलं होतं. तिने ते कोपराने ढकललं.

खाटेच्या पायथ्याशी गोल पांढरा दिवा उभा केला होता आणि त्याच्या मधोमध फोन अडकवला होता. दोघांनी अत्तर लावलेले मास्क घातले होते. लुगडं छातीवरून सरकलेलं होतं, आणि त्या उजेडात सगळं दिसत होतं.

"आत्या, लोकांना सांग," दयानंद म्हणत होता. "तुझं तारण झालंय ना? येशूनं तुला धुतलंय ना?"

दुसऱ्या बाजूने जीशान वाकला होता. "मौसी, आता शेवटी तरी खरं बोला. जो सुळावर मेला, तो खुदा असंल का?"

गौरम्माचे ओठ हलले. "नीरु," ती म्हणाली. कानडीत ती पाणी मागत होती. दोघांनाही ते कळलं. दयानंदच्या तर घरातलीच ती बोली. तो म्हणाला, "देतो, आत्या. आधी एवढं सांग." गौरम्माच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं. दयानंदने फोन तिच्या तोंडाकडे वळवला.

हाजराबीने पातेलं खाली ठेवलं. दिवा फोनसकट उचलून दाराबाहेर गल्लीत टाकला. लुगडं सारखं केलं, चमच्याने अक्काला पाणी पाजलं आणि मागे न बघता म्हणाली, "निघा दोघं." जीशान काहीतरी समजावू लागला. ती वळली. तिचं तोंड बघून दोघे निघून गेले.

मग तिने जखम धुतली, पट्टी बांधली, अक्काला कुशीवर केलं. हे सगळं झाल्यावर मोरीजवळ गेली आणि तिला भडभडून उलटी झाली. उभ्या हयातीत पहिल्यांदा. जखमेने नाही, मास्कवरच्या त्या अत्तराचा वास नाकातून जात नव्हता.

"हाजरा, बरं न्हाई का तुला?" खाटेवरून अक्का विचारत होती.

"काही न्हाई, अक्का. पित्त झालंय."

पुढच्या आठवड्यात शेजारच्या बाईने तिला फोन दाखवला. दोघांनी एकाच चित्रणाचे दोन तुकडे केले होते. जीशानच्या तुकड्यात गौरम्मा तोंड फिरवते, आणि खाली लिहिलं होतं की मरणाच्या दारात तिला उत्तर देता आलं नाही. दयानंदच्या तुकड्यात ती रडते, आणि तारणाच्या आनंदाने तिचे डोळे भरले असं तो सांगतो. पाणी मागितलेलं दोघांनीही काढून टाकलं होतं. खाली माणसं टाळ्यांची चित्रं टाकत होती, शिव्या देत होती, आमेन म्हणत होती, माशाल्ला म्हणत होती. हाजराबीला त्या बाईचा फोनसुद्धा हातात धरवेना.

तिने जीशानला फोन लावला आणि ते काढून टाक म्हणाली. तो हसला. "अम्मी, दीन का काम है ये. लोगां को फायदा होरा."

"उघड्या छातीची बाई दाखवून?"

"छाती धुंदली करी मैं, अम्मी. दिखती नै."

हाजराबीने फोन ठेवला. छाती झाकली की काम भागलं, असं त्याला वाटत होतं. नऊ महिने पोटात वाढवलेलं आपलंच पोर, पण त्याचं ते हसू आठवलं की तोंडात कडू पाणी यायचं.

गौरम्मा त्यानंतर थोडेच दिवस जगली. शेवटच्या दिवसांत तिला बोलायला जमत नव्हतं, आणि हाजराबीने देवाचा विषय काढला नाही. ती नुसती तिचे पाय चेपत बसायची. गौरम्मा गेली ती दुपारी, हाजराबीच्या हातावर. दयानंद माणसं घेऊन आला, पेटी आणली, आणि बाहेर उभा राहून हाजराबीला म्हणाला, मावशी, मुसलमान असून तुम्ही एवढी सेवा केली, दोन शब्द बोला, लोकांना बरं वाटेल. त्याच्या हातात फोन होता. हाजराबीने त्याच्याकडे बघितलंच नाही. अक्काला न्हाऊ घालायचं राहिलंय, तुम्ही बाहेरच थांबा, एवढं सांगून तिने आतून कडी घातली आणि गल्लीतल्या दोन बायांना हाताखाली घेऊन सगळं सावकाश, नीट केलं. कब्रस्तानात ती फाटकाशी थांबली. दयानंद बोलायला लागला तशी घरी निघून आली.

ईदला जीशान आला. नवा सदरा, तेच अत्तर. तिने शिरखुर्मा वाढला, नांदेडच्या दुकानाची चौकशी केली, सुनेसाठी बांगड्या दिल्या. निघताना तो दुआसाठी वाकला. तिचा हात त्याच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तो तसाच वाकून राहिला. शेवटी तिने हात मागे घेतला आणि गाडीची वेळ झाली म्हणाली.

तो गेल्यावर तिने त्याची वाटी घासली. मग राख घेऊन तीच पुन्हा घासली, आणि बाकीच्या भांड्यांपासून वेगळी पालथी घालून ठेवली.