जिजाजी आणि भेडाघाटची नापास नाव

जुन्या वस्तू जपणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. कुणी नाणी जमवतं, कुणी घड्याळं. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई तर जुने अपमान जपून ठेवायच्या. पण जी वस्तू जगानं तीस वर्षांपूर्वी टाकून दिली, ती जणू उद्याच बाजारात यायची आहे अशा घाईनं तिच्यासाठी रोज नवा माल तयार करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका माझ्या ताईच्या पदरात पडला, अशी माझी समजूत होती. पुढे कळलं की असे लोक देशोदेशी आहेत आणि ते एकमेकांना पत्रं लिहितात. तेव्हापासून मला जगाचीच काळजी वाटते.

आमच्या जिजाजींचा कॉम्प्युटर म्हणजे पाटीएवढं काळं खोकं आणि त्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. त्याला स्वतःचा पडदा नाही, टीव्हीला जोडायचा. स्मरणशक्ती म्हणाल तर मोबाइलवर सकाळी येणारा सुप्रभातचा एक गुलाबसुद्धा त्यात मावायचा नाही. सगळे प्रोग्राम कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावला की आधी कीं-कीं आणि मग खर्र-खर्र असा आवाज पाच मिनिटं चालायचा, आणि तेवढा वेळ घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, पंख्याचं बटण दाबायचं नाही, जमल्यास शिंकायचं नाही. व्होल्टेज जरा हललं की सगळं मुसळ केरात. मला बघायला नागपूरची मंडळी आली होती तेव्हा मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी, आणि आतून जिजाजी ओरडले, "कोणी हलू नका! लोड होऊन राहिलं!" पाच मिनिटं पाहुणे श्वास रोखून माझ्याकडे बघत बसले आणि मी पाहुण्यांकडे. लग्न जमलं. माझा नवरा आजही म्हणतो, त्याला वाटलं जबलपूरच्या मराठी लोकांत मुलगी बघायची हीच रीत असेल.

नोकरीत जिजाजी इथल्या एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. लोखंडाचा तुकडा मापात बसतो का ते पाहायचं. बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. मधलं काही नाही. निवृत्त होताना माणसं घड्याळ घेऊन घरी येतात, जिजाजी हा शिक्का घेऊन आले. पुरणपोळी पुढ्यात आली की उजेडात धरून बघणार आणि म्हणणार, "कडेला पातळ. रिजेक्ट." आणि मग चार हाणणार. मी शिकवते त्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं, तर भाषणात त्यांनी स्वागतगीत, मांडव आणि मी, असे तिघांनाही नापास केलं. एकदा रिजेक्ट म्हटलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी फेरविचार नाही. "मी कशी काय पास झाले होते हो?" ताईनं एकदा विचारलं. जिजाजी शांतपणे म्हणाले, "तू बिना तपासणीचा माल आहे. आईनं परस्पर घेतला होता." ताईनं त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही आणि तीही रिजेक्ट झाली.

निवृत्तीनंतर तर कारखाना घरीच निघाला. नळाला पाणी कधी येईल याचा अंदाज सांगणारा प्रोग्राम त्यांनी त्या खोक्यासाठी नव्यानं लिहिला. मागच्या महिन्याचे सगळे दिवस-वेळा भरल्यावर तो विचार करायचा, आणि उत्तर यायच्या आत नळाला पाणी येऊन गेलेलं असायचं. तो प्रोग्राम त्यांनी इंटरनेटवर टाकला. परदेशातल्या, कुठल्याशा बर्फाळ गावातल्या एका सद्गृहस्थाचं पत्र आलं की प्रोग्राम उत्कृष्ट आहे, फक्त आमच्याकडे नळाला पाणी चोवीस तास असतं तेव्हा काय भरावं? "चोवीस तास!" जिजाजी म्हणाले, "मग त्या बिचाऱ्याच्या आयुष्यात राहिलं काय?"

मग नव्या टीव्हीला या खोक्याचं चित्र दिसेना, म्हणून ते चित्र नव्या टीव्हीच्या भाषेत सांगणारं एक कार्ड बनवायला घेतलं. त्यावरचे भाग मोहरीएवढे, आणि जिजाजींचे हात आता थोडे थरथरतात. म्हणून ते कार्ड घेऊन सरळ सराफ्यात गेले. तिथल्या एका सोनाराच्या डोळ्याला भिंग, हातात बारीक चिमटा. पिढ्यान् पिढ्या नथीत मोती बसवणारा माणूस. त्यानं कार्ड उलटसुलट करून विचारलं, "बाबूजी, इसमें सोना कितना है?" जिजाजी म्हणाले, "बिलकुल नहीं." "तो फिर पहनेगा कौन?" शेवटी बिचाऱ्यानं डाक लावून एकेक भाग जोडून दिला, आणि काम इतकं सुबक केलं की जिजाजींनी ते अर्धा तास उजेडात धरलं आणि पास केलं. सोनाराला त्याचं काही वाटलं नाही, पण ताई मात्र दोन दिवस धुसफुसत होती. तिला लग्नापासून कधी सराफ्यात नेलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात नवी टूम निघाली. मोबाइलमधलं मेमरी कार्ड त्या खोक्याला जोडायचं, म्हणजे सगळ्या कॅसेटी त्या नखाएवढ्या तुकड्यात मावतील. त्यासाठी प्रत्येक जुनी कॅसेट एकदा वाजवून आत भरून घ्यायला हवी होती, आणि जिजाजींचा पस्तीस वर्षांचा टेपरेकॉर्डर ऐन वेळी मेला. माझ्या नवऱ्याची बदली जबलपूरलाच झाल्यापासून आमचं घर जवळच, म्हणून आमच्या घरचा डेक मी नेऊन दिला. दुसऱ्याच दिवशी फोन. "छोटे, तुझा डेक भंगार आहे. माझी एकही कॅसेट चालून नाही राहिली. रिजेक्ट." मी म्हटलं, "जिजाजी, त्यावर माझ्या सासूबाईंची भजनं कालपर्यंत खणखणीत वाजत होती." "भजनाला काही मापं असतात का?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता कारखान्याचा नियम असा की नापास माल फेकायचा नाही, वेगळ्या पेटीत कुलूप लावून ठेवायचा. जिजाजींच्या घरीही अशी एक पत्र्याची पेटी होती. तरुणपणी इतरांनी त्यांना दिलेल्या आणि त्यांच्याकडे न चाललेल्या सगळ्या कॅसेटी तिच्यात. तेव्हा असं होतं, की गावातल्या यच्चयावत लोकांच्या कॅसेटी नापास आणि यांच्या तेवढ्या पास. आमच्यातल्या कुणालाच यात काही गडबड वाटली नाही; त्यांचा स्वभावच तसा, म्हणून आम्ही सोडून दिलं. आता माझा डेक किती वाईट आहे हे सिद्ध करायला त्यांनी ती पेटी उघडली आणि सगळ्यात वाईट कॅसेट काढून लावली. ती चालली. दुसरी लावली, चालली. पेटीतली एकूण एक कॅसेट चालली.

मी संध्याकाळी गेले तेव्हा ते टेपरेकॉर्डर उघडून बसले होते. समोरचं जेवण तसंच. टेप वाचणाऱ्या हेडला एक बारीक स्क्रू असतो. जिजाजींच्या टेपचा तो पहिल्या दिवसापासून तिरपा होता. तिरप्या हेडनं भरलेलं तिरपं हेड बरोबर वाचतं, म्हणून त्यांचा माल त्यांच्याकडे पास. आणि जो सरळ होता तो नापास. "सगळ्यांचं बरोबर होतं गं," ते म्हणाले. "मधूचंही."

मधूभाऊ हे जिजाजींचे तरुणपणीचे जिगरी दोस्त. तसंच काळं खोकं त्यांच्याकडेही होतं. त्यांनी एक खेळ लिहिला होता, भेडाघाटच्या संगमरवरी खडकांतून नाव न्यायचा. दोघांनी मिळून खेळायचा. एकानं वल्हं मारायचं, दुसऱ्यानं बांबू रोवून नाव खडकापासून दूर ठेवायची. मराठी मंडळाच्या गणपतीत तो दाखवायचं ठरलं होतं, पोरं रांगेत बसली होती, आणि जिजाजींच्या टेपवर कॅसेट चालली नाही. भरल्या मांडवात जिजाजी म्हणाले, "मधू, काम कच्चं आहे तुझं. रिजेक्ट." मधूभाऊ कॅसेट तिथेच टाकून निघून गेले. पुढे त्यांनी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत स्टॅबिलायझर बनवायचा लहानसा कारखाना टाकला. एकाच गावात राहून दोघं पस्तीस वर्षं बोलले नाहीत. लग्नाकार्यात समोरासमोर आले तर एक जिलबीकडे वळायचा आणि दुसरा हात धुवायला.

"महिनाअखेरीस मधूभाऊ चालले आहेत मुलीकडे, इंदूरला, कायमचे," ताई मला स्वयंपाकघरात म्हणाली. "ह्यांना भेटायला जायला सांग. माझं नाही ऐकणार." मी सांगितलं. जिजाजी म्हणाले, "आजपर्यंत मी एक रिजेक्शन मागे नाही घेतलं." मला असा संताप आला की मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "मग आता घ्या! मधूभाऊ एकदा गेले की ही पेटी घेऊन बसा जन्मभर!" ताई दारात येऊन उभी राहिली. जिजाजींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि विचारलं, "तुझ्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का?"

रविवारी सकाळी निघालो. खोकं ताईच्या दुलईत गुंडाळून जिजाजींच्या मांडीवर, टीव्हीचं कार्ड आणि मधूभाऊंचा खेळ भरलेलं मेमरी कार्ड खिशात, आणि कुर्त्याच्या आत एक घडी घातलेला कागद. मधूभाऊंच्या कारखान्यात सामान बांधून तयार होतं. ते एकटेच स्टुलावर बसले होते. वाळलेले, पांढरे, डोळे तेवढे तेच. जिजाजींना बघून ते उठले नाहीत. जिजाजींनी नमस्कार केला नाही. कागद काढला आणि उभ्याउभ्या वाचायला लागले: "सदर मालाची फेरतपासणी केली असता तो सर्व मापांत योग्य आढळला. दोष तपासणीच्या यंत्रात होता. यंत्र तपासण्याची जबाबदारी तपासनिसाची होती. ती त्यानं पार पाडली नाही." एवढं वाचून त्यांनी कागद मधूभाऊंपुढे धरला. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते; दोन्ही एकदम कसं आवरायचं ते कळेना.

"मालूम होतं मला," मधूभाऊ म्हणाले.

"काय?"

"तुझं हेड तिरपं आहे ते. त्याच दिवशी घरी जाऊन दुसरी कॉपी लावली. मस्त चालली. तुझ्याकडे बाहेरची एकही कॅसेट चालत नव्हती, मी काय येडा आहे का बे?"

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही?" मधूभाऊ आता उठले. "इतकंच म्हणायचं होतं, मधू, तुझ्या मशीनवर लाव बरं एकदा. मी वाट पाहून राहिलो होतो. दिवाळीपर्यंत पाहिली. मग मशीन विकून टाकली अन् हे स्टॅबिलायझर सुरू केले. त्यानंतर एक प्रोग्राम नाही लिहिला मी."

मीच दुलई सोडली, ऑफिसातल्या टीव्हीला सोनारानं जोडलेलं कार्ड लावलं आणि म्हटलं, "चलो, आता खेळा तरी." पहिल्या खडकावर नाव आपटली. दुसऱ्यांदाही. "अबे बांबू मार, बांबू!" मधूभाऊ ओरडत होते. "तू वल्हं हळू मार ना बे!" जिजाजी ओरडत होते. पाचव्या-सहाव्या खेपेला नाव जरा पुढे गेली आणि एका ठिकाणी चक्क खडकाच्या आरपार निघाली. चूक होती, ढळढळीत. मी पाहिली, मधूभाऊंनी पाहिली आणि खेळायचं थांबून ते जिजाजींकडे बघायला लागले. ज्यांना पुरणपोळीची कड दिसते त्यांना ही दिसली नसेल, असं कसं होईल? जिजाजींनी घसा साफ केला. "वल्हं मार, मधू," ते म्हणाले, "थांबला काहून?"

जेवायच्या वेळेपर्यंत दोघं खेळत होते. निघताना जिजाजींनी खोकं तिथेच ठेवलं. मधूभाऊ नको नको म्हणत होते आणि दुलईसकट पोटाशी धरून उभे होते. दुलईचं ताईला काय सांगायचं, हा विचार मी रस्ताभर करत होते. एरवी मागच्या सीटवरून माझ्या गाडी चालवण्यावर शेरे मारणारे जिजाजी आज नुसती दोन्ही बाजूंची दुकानं बघत होते. गर्दीतून वाट काढत मी ओमतीच्या चौकात पोचले, सिग्नलला थांबले, तेव्हा मागून आवाज आला.

"छोटे, रिछाईहून इथे यायला किती वेळ लागला गं?"

मी घड्याळ पाहिलं. "पंचवीस मिनिटं."

"पंचवीसच?" जिजाजी म्हणाले, आणि सिग्नल सुटला तरी मान वळवून रिछाईच्या रस्त्याकडे बघत राहिले.