सात घरचे वार

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गावाने एका भल्या माणसाचा पराभव केला, आणि तो पुरणपोळीने केला.

जालन्याकडच्या टेंभुर्णीजवळ, आमच्या गावात नव्वदच्या दशकात एका संस्थेनं मुलींचं वसतिगृह काढलं होतं. वाड्यावस्त्यांवरच्या ज्या पोरींची शाळा सातवीला सुटायची, त्या तिथं राहून दहावीपर्यंत शिकू लागल्या. हे सगळं चालवायचे औरंगाबादहून आलेले संचालक. बायको आणि मुलगी तिकडंच, भाड्याच्या खोलीत. संस्था त्यांना पगार देते हे कळलं आणि गावाचा घास अडकला. मी तिथल्याच शाळेत मास्तर. माझ्या पगाराबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण मी सेवा करतो असा कुणालाच संशय नव्हता.

संस्थेचे अध्यक्ष जालन्याच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले आडते. भर बैठकीत ते संचालकांना म्हणाले, "सर, सेवेला पगार कशाचा? आमच्या वडलांच्या वक्ताला शिकणारी पोरं वार लावून जेवायची. रोज एक घर. तुमचे बी वार लावू. खर्चाच न्हाई मंग."

सर हसले. पगार निम्मा करा, म्हणाले, पण वाचलेल्या पैशात आणखी पोरी घ्या. टाळ्या पडल्या. पोरी आल्या.

आणि सात घरांत जी चढाओढ लागली! सोमवारच्या घरी भरलं वांगं केलं की मंगळवारची बाई धपाट्यांवर लोण्याचा गोळा ठेवायची. बुधवारी शेवयांची खीर. शनिवार आमच्याकडे होता. माझी आई सणासुदीलाही करणार नाही अशा पुरणपोळ्या दर शनिवारी लाटायची. नको म्हटलं की वाढणारीचा अपमान, म्हणून सर खात राहिले. त्यांचे गाल वर आले. पारावर बसलेल्यांनी निकाल दिला, की बघा, निम्म्या पगारात माणूस कसा बाळसं धरतो.

शनिवारचं जेवण झालं की सर दुपारच्या गाडीनं औरंगाबादला घरी जायचे आणि रविवारच्या घरी रात्रीच्या पानाला परत यायचे. एकदा त्यांनी आईला हळूच विचारलं, दोन पोळ्या बांधून द्याल का? त्यानंतर आई दर शनिवारी फडक्यात पोळ्या बांधू लागली आणि गावभर सांगू लागली, सरांना माझ्या हातच्या पोळीचं येडच लागलंय, वाटंत बी खातेत. आम्हाला खरंच तसं वाटायचं.

दीड-दोन वर्षांत सरांनी जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी धरली. गाव चिडलं. पैशाच्या मागं गेला, म्हणाले. कंपनी त्यांना किती देणार, ते जास्त आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्यांच्या जागी अध्यक्षांचे मेहुणे आले. एक पैसाही न घेणारे. ते झेंडावंदनाला यायचे. उन्हाळ्यापर्यंत पोरी आपापल्या पेट्या घेऊन परत गेल्या. त्यातल्या तिघींच्या लग्नाचे लाडू मीच खाल्ले. नववीतल्या पोरी होत्या.

पण ते नंतर. निरोपाच्या दिवशी शाळेसमोर मांडव होता. सामान न्यायला सरांची बायको मुलीला घेऊन पहिल्यांदाच गावात आली होती. बायांमध्ये, माझ्या आईशेजारी बसली होती. पोरगी काटकुळी. आईनं तिच्या हातात पोळी दिली, तर तिनं बघताच ओळखली. म्हणाली, "शनिवारची." आईचा हात तसाच राहिला.

तिकडं अध्यक्षांनी सरांच्या अंगावर शाल घालून भाषण सुरू केलं. पगार कमी असंल, म्हणाले, पण या गावानं सरांना एक दिवस उपाशी ठेवलं न्हाई, सात घरचे सात वार होते.

सर खाली बघत होते. बायांमधून त्यांची बायको बोलली. मोठ्यानं बोलायचं तिच्या मनात नसावं, पण तेवढ्यात सगळे गप्प झाले होते.

"आणि आम्हा दोघींचा वार कुणाच्या घरी होता?"