दादाचा विजेचा फवारा

माझा मोठा भाऊ भयंकर डोकं खाणारा माणूस होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. माझं मत बदललेलं नाही.

दादा सिंदेवाहीला कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. मी गोंडपिपरीकडे कापूस करतो. एका पावसाळ्यात फवारताना औषध नाकातोंडात गेलं, शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच पडलो आणि थेट चंद्रपूरच्या दवाखान्यात शुद्ध आली.

डोळे उघडले तर शेजारी दादा. माणूस विचारतो, बरं वाटते का?

हा विचारतो, "तुझ्या पंपाचा थेंब केवढा असते बे?"

मले काय माहीत! मी उलट्या करून राह्यलो होतो.

तेव्हापासून दर रविवारी छळ.

एकदा मायच्या स्वयंपाकघरात इंजेक्शनची सुई टांगली. तिला जुन्या टीव्हीतून काढलेल्या सर्किटची हाय व्होल्टेज वायर. खाली वांग्याचं रोप. "कोणी हात लावू नका!" चहासुद्धा बंद. माय चिडून अंगणात जाऊन बसली.

पण खरं सांगतो, पाहण्यासारखं होतं ते.

सुईच्या टोकावरचा पाण्याचा गोल थेंब ताणला, टोकदार झाला. त्या टोकातून केसाहून बारीक धार निघाली. थोडं पुढे जाऊन धारेचं धुकं झालं.

"सगळ्या थेंबांवर सारखाच चार्ज आहे, म्हणून ते एकमेकांपासून दूर पळतात. पण झाड त्याईले ओढते. पानाच्या मागूनसुद्धा चिकटतात. हवेत कमी, पानावर जास्त. समजलं?"

"समजलं. सोड आता."

"नाई समजलं तुले."

आणि पुन्हा पहिल्यापासून!

मग बॅटरीवरचा पंप बनवला. माझ्याच पाठीवर दिला. टाकीत नुसतं पाणी आणि नीळ, म्हणजे कुठे पडलं ते दिसेल. बटण दाबलं आणि अर्धा फवारा वळून माझ्याच तोंडावर!

धुऱ्यावरून शेजारचा ओरडला, "अबे, सर तर भावालेच फवारून राह्यले!"

मी निळा. दादा खूश.

"चार्ज तुझ्याच अंगात साचला. अर्थिंग पाहिजे!"

"आधी काऊन नाई सांगितलं?"

"आधी मले तरी कुठी माहीत होतं?"

पुढच्या रविवारी पंपाला लोखंडी साखळी बांधली, जमिनीवर घासत जाणारी. त्या दिवशी फवारा सरळ झाडांवर गेला. दादा चिखलात गुडघे टेकून एकेक पान उलटून पाहत होता. मागची बाजू निळी. प्रत्येक पानाला मला हाक मारून दाखवत होता. वैताग नुसता.

छातीत दुखायचं त्याच्या. वहिनी रोज मागे लागायची, दवाखान्यात चला म्हणून.

"गॅस आहे. पंपाचं नोझल चोक होते, ते एकदा नीट होऊ दे, मग डॉक्टरले दाखवतो."

नोझल नीट झालंच नाही. एका सकाळी कॉलेजच्या जिन्यावर अटॅक आला. संपलं. इतका शिकलेला माणूस, आणि ही अक्कल!

यंदा मी तोच पंप वापरला. मास्क लावून, साखळी घासत. नोझल दर टाकीला चोक होते. दर टाकीला पिन घालतो आणि दर टाकीला तुला शिव्या देतो, दादा.

पण संध्याकाळी घरी आलो, आंघोळ केली आणि दोन भाकरी खाल्ल्या.

फवारणीच्या दिवशी आधी अन्नाचा वाससुद्धा नको व्हायचा मला.

माय ताटाकडे पाहत राहिली. आणखी एक भाकर वाढली.

हे तुला सांगायचं होतं रे.

दादा, तुला नमस्कार. शांत झोप आता.