पांढरी कुठली

महाराष्ट्र नुकताच झाला होता. पुण्याहून मोडी वाचनाची परीक्षा देऊन आलो आणि मोताळ्याजवळच्या एका गावात शिक्षक झालो. मोडी जाणणारे गावचे पटवारी आदल्याच वर्षी वारले होते. त्यामुळे माझी विद्वत्ता तपासायला कोणी उरले नव्हते, आणि मीही ती लपवत नव्हतो.

गावातल्या दोन चुलतभावांचा जमिनीच्या एका पट्टीवरून वाद होता. थोरला म्हणे माझी, धाकटा म्हणे माझी. थोरल्याने पेशव्यांच्या काळातला एक कागद आणला. मी तो खणखणीत वाचला: पांढरीपासून ओढ्यापावेतो गायरान, अलीकडे थोरल्या घराचे शेत.

पांढरी म्हणजे पांढरी जमीन, यात मला शंका नव्हती. दोन दिवस शिवार तुडवून ओढ्याजवळ चुनखडीच्या जमिनीचा एक तुकडा सापडला. वादाची पट्टी त्याच्या अलीकडे येत होती, म्हणजे ती थोरल्याची. त्याने मला चहा पाजला. धाकटा मान खाली घालून बसला.

तिसऱ्या दिवशी खुणेचे दगड रोवायला आम्ही तिघे निघालो. वाटेत गावामागच्या टेकाडावर एक म्हातारी घराच्या धाब्याच्या छतावर टाकायला माती खणत होती. गुरुजी काय शोधून राह्यले, असे तिने विचारले. पांढरी, असे थोरला पुटपुटला.

"मंग मी काय खोदून राह्यली?" म्हातारी म्हणाली.

टोपली बाजूला ठेवून तिने मला समजावले, पहिलीतल्या पोराला समजवावे तसे. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुने गाव या टेकाडावर होते. तिच्या आजेसासऱ्याच्या वेळी ते उठून खाली गेले. घरे पडली, त्यांची माती राहिली. शेताची ती काळी, गावाची ती पांढरी.

मी दोघा भावांकडे पाहिले. हा अर्थ त्यांनाही ठाऊक होता. थोरला गप्प का राहिला, हे विचारायची गरज नव्हती. धाकट्याला मात्र मी विचारले.

"मले वाटलं, पुण्यात पांढरी वेगळी असन," तो म्हणाला. "तुमी शिकलेले माणसं."

टेकाडापासून ओढ्यापर्यंत मोजले तेव्हा ती अख्खी पट्टी गायरानात गेली. थोरल्याची नाही, धाकट्याची नाही. संध्याकाळी मी चावडीवर सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तिथे गुरे सोडली.

वर्षानुवर्षे न बोलणारे दोघे भाऊ त्या आठवड्यात एकाच बैलगाडीतून मोताळ्याच्या बाजाराला गेले. मी रस्त्यातच उभा होतो. राम राम केला, तर दोघांनीही मान फिरवली, एकाच बाजूला.